दार लावायचं आणि गैरहजेरीही मांडायची

३० ऑक्टोबर २०२२ च्या रात्री मी नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये होते. सतरा वर्षांखालच्या मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना, स्पेन आणि कोलंबिया. चार दिवसांपूर्वी मडगावात, फातोर्ड्याच्या मैदानावर, स्पेनने जर्मनीला एका गोलने हरवलं होतं. इथेही निकाल एकाच गोलचा लागला. ८२व्या मिनिटाला कोलंबियाच्या बचावपटूच्या पायाला लागून चेंडू तिच्याच संघाच्या जाळ्यात गेला. शेवटची शिट्टी झाली तशा स्पेनच्या पोरी एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. माझ्या पुढच्या रांगेतल्या एका शाळकरी मुलाला तसलीच जर्सी हवी होती, छातीवर स्पेनच्या संघाचा तो बिल्ला असलेली. बाप म्हणाला, "चल, बाहेर अडीचशेला मिळतेय. बिल्ल्यासकट."

पुढे कधीतरी १९७१ सालच्या स्पेनच्या महिला संघाबद्दल वाचताना हे वाक्य आठवलं. त्या मुलींना तो बिल्ला कुठल्याच भावाने मिळाला नव्हता.

त्यांच्यात एक कोंची सांचेझ होती. पूर्ण नाव कोन्सेप्सिओन सांचेझ फ्रेइरे, जन्म माद्रिदचा, १९५७ चा. ८ डिसेंबर १९७० रोजी माद्रिदच्या दक्षिणेला व्हियावेर्दे या कामगारवस्तीत मुलींचा एक सामना भरवला गेला. ८ डिसेंबर म्हणजे मेरीच्या निष्कलंक गर्भधारणेचा सण; पणजीच्या नागमोडी जिन्याच्या चर्चचं फेस्त त्याच दिवशी असतं, हे गोव्याच्या वाचकांना सांगायला नको. ‘कोंची’ हे त्या सणावरून ठेवलेल्या नावाचंच लाडकं रूप, म्हणजे स्पॅनिश रीतीप्रमाणे तो तिचा नामदिन. तेरा वर्षांच्या पोरीने तो पाच गोल मारून साजरा केला. तिचा संघ ५-१ ने जिंकला आणि पाचही गोल तिचे होते. बघायला सुमारे आठ हजार माणसं जमली होती. तेव्हा रिअल माद्रिदला अमान्सिओ नावाचा नावाजलेला आघाडीपटू होता. लोक कोंचीला ‘अमान्सिओ’ म्हणायला लागले आणि ते नाव तिला कायमचं चिकटलं. मुलगी चांगली खेळली की तिला एखाद्या पुरुषाचं नाव देऊन टाकायची खोड काही फक्त आपली नाही.

काळ फ्रँकोच्या हुकूमशाहीचा. पंचवीस वर्षांखालच्या मुलीला लग्नासाठी किंवा नन व्हायला सोडून आई-बापांच्या परवानगीशिवाय घर सोडता येत नसे. हा कायदा १९७२ पर्यंत होता. नवऱ्याच्या परवानगीचे कायदे तर १९७५ पर्यंत टिकले. राजवटीची स्त्रीशाखा मुलींना कवायती शिकवायची, पण फुटबॉल तिच्या ‘योग्य’ खेळांत बसत नव्हता. अशा देशात सणाच्या दिवशी आठ हजार लोक मुलींचा फुटबॉल बघायला येतात, ही गोष्ट वरच्यांना रुचणं शक्यच नव्हतं.

अडीच महिन्यांनी, २१ फेब्रुवारी १९७१ ला, मुर्सिया शहरातल्या ला कोंदोमिना मैदानावर स्पेन आणि पोर्तुगालच्या मुली समोरासमोर आल्या. सामना ३-३ असा बरोबरीत सुटला. मला त्यात गोलांपेक्षा कपड्यांचा तपशील जास्त बोलका वाटतो. स्पेनच्या मुलींच्या जर्सीवर देशाचं फुटबॉल बोधचिन्ह नव्हतं, कारण स्पेनच्या फुटबॉल महासंघाने ते लावू दिलं नाही. त्याहून गंमत पंचाची. तो खराखुरा पंच होता, पण महासंघाने त्याला पंचाचा गणवेश घालायला मनाई केली होती. म्हणून तो ट्रॅकसूट घालून मैदानात उतरला. डोळ्यांसमोर आणून बघा: मैदान खरं, चेंडू खरा, प्रेक्षक खरे, गोल खरे आणि मधोमध शिट्टी वाजवत धावणारा माणूस वेशांतर केल्यासारखा. त्याच्या अंगावर काळा गणवेश चढला असता तर सामना झाला हे मान्य करावं लागलं असतं.

महासंघाचे अध्यक्ष तेव्हा होसे लुइस पेरेझ-पाया होते. हे स्वतः माजी खेळाडू. अॅटलेटिको आणि रिअल, माद्रिदच्या दोन्ही मोठ्या क्लबांकडून खेळलेले. त्यांचं मत नोंदलेलं आहे. महिला फुटबॉलला आपला विरोध नाही, पण तो आवडतही नाही. शर्ट आणि चड्डीत बाई काही शोभत नाही, त्यापेक्षा कुठलाही प्रांतिक पोशाख तिला जास्त खुलेल, असा त्याचा आशय. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर, नऊवारी नेसा, उगाच पळापळ कशाला. विरोध नाही म्हणत नाक मुरडणारे अध्यक्ष आपणही पुष्कळ पाहिलेत.

त्याच उन्हाळ्यात या संघाने तुरीनला जाऊन इटलीकडून ८-१ असा सपाटून मार खाल्ला. हे लपवायचं काही कारण नाही. इटलीत मुलींच्या लीग चालू होत्या, स्पेनमध्ये सरावाला मैदान मागायची चोरी. त्या वर्षी मेक्सिकोत महिलांचा विश्वचषक भरला. तो भरवणारी संघटना फिफाच्या बाहेरची आणि मागे पैसा एका इटालियन मद्यकंपनीचा. अॅझटेका स्टेडियमवरच्या अंतिम सामन्याला लाखावर प्रेक्षक आले. डेन्मार्कने मेक्सिकोला ३-० हरवलं आणि तिन्ही गोल सुझान ऑगस्टेसेन या पंधरा वर्षांच्या मुलीने केले. स्पेनच्या मुली तिथे पोचल्याच नाहीत. महासंघाने ते होऊ दिलं नाही.

कोंचीने मग इटली गाठली. वयाची विशीही आलेली नव्हती. तिथे तिने दोन दशकांहून अधिक काळ काढला, एकामागून एक क्लब बदलत आणि लीग जिंकत. मेक्सिकोची ती डॅनिश मुलगीही पुढे इटलीतच आली आणि लीगमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्यांत वरचेवर दिसू लागली. दोघी एकाच पिढीच्या, एकाच लीगच्या. इटलीने कोंचीला नागरिकत्व देऊ केलं, म्हणजे इटलीच्या राष्ट्रीय संघाचं दार उघडं होतं. तिने नाही म्हटलं. ती चाळिशीपर्यंत खेळली. शेवटी इंग्लंडला जाऊन आर्सेनलच्या महिला संघाकडूनही खेळली आणि मग थांबली.

आता स्पेनच्या महासंघाच्या हिशेबात या बाईच्या नावावर देशासाठी किती सामने आहेत? शून्य.

महासंघाने महिला फुटबॉलला मान्यता दिली १९८० मध्ये. युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, १९७१ च्या अखेरीसच सगळ्या सदस्य महासंघांना महिला फुटबॉल आपल्या छत्राखाली घ्यायला सांगितलं होतं. स्पेनने त्याला नऊ वर्षं लावली. राष्ट्रीय संघाचा पहिला अधिकृत सामना म्हणून ५ फेब्रुवारी १९८३ ची तारीख दिली जाते. त्याआधी जे घडलं ते ‘अनधिकृत’.

माझा वाद या एका शब्दाशी आहे. हल्ली स्पेनमधली वर्तमानपत्रं कोंचीच्या मुलाखती छापतात, तिला ‘पायोनियर’ म्हणतात, ते चांगलंच आहे. पण शाल-श्रीफळ वेगळं आणि सातबारा वेगळा. सत्कार त्या संध्याकाळपुरता असतो, जमीन नावावर होते ती उताऱ्यावर चढल्यावर. १९७१ चे मुर्सिया आणि तुरीनचे सामने महासंघाने आपल्या नोंदीत घ्यावेत, त्यात खेळलेल्यांना राष्ट्रीय खेळाडू म्हणून क्रमांक द्यावा आणि गणती तिथून सुरू करावी. एवढीच मागणी आहे आणि ती भावनेपोटी नाही, हिशेबाची आहे.

यावर नेहमीचं उत्तर येतं ते असं: अधिकृत म्हणजे महासंघाने मान्य केलेला, महासंघाने मान्य केला नव्हता, म्हणून अधिकृत नाही. ऐकायला तर्क चोख. पण मान्य का केला नव्हता? कारण त्यानेच बंदी घातली होती. वर्गाचं दार आतून लावून घ्यायचं, बाहेर उभ्या पोरीला आत येऊ द्यायचं नाही आणि मग हजेरीपटावर तिच्यापुढे ‘गैरहजर’ लिहायचं, यातला हा प्रकार. स्वतः केलेल्या अन्यायाचा कोणी स्वतःच्या बचावात पुरावा म्हणून वापर करू नये, इतकं तर गावचा पंचही सांगेल.

शिवाय नोंदी मागाहून दुरुस्त होतच नाहीत, असंही नाही. फिफा जो सामना महिलांचा पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना मानते, तो आहे फ्रान्स विरुद्ध नेदरलँड्स, १७ एप्रिल १९७१, उत्तर फ्रान्समधल्या आझब्रुक गावी. फ्रान्स ४-० ने जिंकलं. हा सामना होता कसला? मेक्सिकोच्या त्याच बिनफिफाच्या विश्वचषकाची पात्रता फेरी. मान्यता नंतर मिळाली. म्हणजे मुर्सियानंतर आठ आठवड्यांनी, त्याच बेकायदा मानलेल्या खटाटोपातला एक सामना आज जगातला पहिला म्हणून कोरला गेलाय आणि त्याच्या आधीचा मुर्सियाचा सामना हिशेबातच नाही. दोन्हीकडे अकरा-अकरा मुली होत्या, दोन्हीकडे गोल झाले. फरक एवढाच की फ्रान्सच्या महासंघाने १९७० मध्येच महिला फुटबॉल मान्य करून टाकला होता. कोण पहिलं, हे ठरलं ते कचेऱ्यांमध्ये.

मराठी वाचकाला हा प्रश्न क्रिकेटवरून चटकन कळेल, कारण क्रिकेटने तो अगदी वेगळ्या रीतीने सोडवला. महिलांची पहिली कसोटी डिसेंबर १९३४ मध्ये ब्रिस्बेनला झाली. इंग्लंडचा तो संघ महिलांच्या स्वतंत्र संघटनेने पाठवला होता आणि मुली आपापल्या खर्चाने बोटीत बसल्या होत्या. म्हणजे ज्यांना भाडं परवडलं त्याच गेल्या. तरी ती कसोटी कसोटीच. महिलांचा विश्वचषक १९७३ चा, पुरुषांच्या दोन वर्षं आधीचा, तोही आयसीसीने भरवलेला नव्हता. २००५ मध्ये महिलांची आंतरराष्ट्रीय संघटना आयसीसीत विलीन झाली तेव्हा ‘आधीचं सगळं रद्द, आता एकपासून मोजू’ असं कोणी म्हटलं नाही.

आपल्याकडेही तेच. १९७३ मध्ये महिलांनी आपली वेगळी क्रिकेट संघटना काढली. १९७६ पासून आपल्या मुली कसोटी खेळल्या, रेल्वेच्या साध्या डब्यांतून गाठोड्यांसकट प्रवास करून. बीसीसीआयचा तेव्हा या सगळ्याशी काडीचा संबंध नव्हता. विलीनीकरण झालं २००६ मध्ये आणि त्या वेळी महिला संघटनेच्या सचिव होत्या पुण्याच्या शुभांगी कुलकर्णी, स्वतः त्या पहिल्या पिढीच्या कसोटीपटू. त्यांच्या विकेट, मुंबईच्या डायना एदुलजींच्या ६३ कसोटी विकेट, शांता रंगास्वामींचं १९७७ मधलं डनिडिनचं शतक, हे सगळं आज अधिकृत आहे. कल्पना करा, बीसीसीआयने म्हटलं असतं की आम्ही २००६ ला आलो, तेव्हा भारतीय महिला क्रिकेटही २००६ ला सुरू झालं! (मंडळाने बाकी काय काय केलं त्याची यादी वेगळी आहे, ती इथे नको.)

फुटबॉलमध्येही असं उदाहरण आहे, तेही आशियातलं. आशियाई महिला स्पर्धा १९७५ पासून महिलांची वेगळी संघटना भरवत होती. आपला महिला संघही तेव्हा १९७५ मध्ये निघालेल्या स्वतंत्र भारतीय संघटनेखाली खेळायचा. कालिकतला १९८० मध्ये आणि बँकॉकला १९८३ मध्ये तो उपविजेता ठरला. गोव्याच्या योलांडा डिसोझा याच काळात भारताकडून खेळत होत्या. पुढे ती आशियाई संघटना एएफसीत, म्हणजे आशियाई फुटबॉल महासंघात, सामावली गेली आणि जुन्या स्पर्धा एएफसीने आपल्या यादीत ठेवल्या. म्हणून २०२२ मध्ये मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात महिलांचा आशिया चषक भरला तेव्हा ‘भारत दोनदा उपविजेता’ हे वाक्य ताठ मानेने छापता आलं. त्या स्पर्धेत करोनाने आपला संघ गारद केला, ती गोष्ट निराळी. पण इतिहास तरी शाबूत होता.

आता दुसरी बाजू, कारण ती अगदीच पोकळ नाही. मुर्सियाचा संघ निवडला कोणी? राफाएल मुगा या संयोजकाने, बऱ्याच अंशी आपल्या ओळखीच्या मुलींमधून. त्याला ‘स्पेन’ म्हणायचं कशाच्या आधारावर? आणि यांना घेतलं तर उद्या जत्रेतले प्रदर्शनी सामनेही रांगेत येतील. पुरुषांच्या फुटबॉलमध्येही १८७० ते १८७२ दरम्यान ओव्हलवर झालेले इंग्लंड-स्कॉटलंडचे पाच सामने अधिकृत धरत नाहीत, कारण स्कॉटलंडचा संघ लंडनच्या आसपासच्या मंडळींतून जमवलेला होता. क्रिकेट मंडळांना डावलून खासगी सामने भरवणाऱ्या केरी पॅकरच्या सर्कशीतल्या ‘सुपरटेस्ट’मधल्या धावाही कसोटीच्या खात्यात नाहीत आणि त्यात विव्ह रिचर्ड्सपासून सगळे दिग्गज होते.

पॅकरचं उदाहरण मला उलट आपल्याच बाजूचं वाटतं. रिचर्ड्सला दोन दारं होती: एक मंडळाचं, एक पॅकरचं. त्याने काही काळ दुसरं निवडलं, पैसे घेतले आणि किंमत मोजली. ओव्हलच्या त्या सामन्यांनंतर वर्षाच्या आत, नोव्हेंबर १८७२ मध्ये, ग्लासगोला रीतसर सामना झालाच. त्या खेळाडूंना कोणी घरी बसवलं नव्हतं. कोंचीला दुसरं दार होतंच कुठे? तिचा ‘अनधिकृत’ सामना हा अधिकृत सामना टाळून खेळलेला नाही. तिच्या देशात त्या वयाच्या मुलीला खेळता येण्यासारखा तो एकमेव राष्ट्रीय सामना होता. ज्याला पर्याय होता त्याच्यासाठी केलेला नियम, पर्यायच नसलेल्या मुलीवर लावायचा नसतो.

निवडीचा आक्षेप थोडा जड आहे, मान्य. पण १९३४ च्या ब्रिस्बेन कसोटीचा संघ तरी बोटीचं भाडं भरू शकणाऱ्यांचाच होता. सुरुवातीच्या काळात कुठल्याही खेळाची निवड ही अशीच, हाताशी जे आलं त्यातून. जत्रेतले सामने रांगेत येतील या भीतीला तर साधा उपाय आहे: दोन देशांच्या नावाने झालेला, पूर्ण वेळ खेळलेला, पंच असलेला आणि त्या काळच्या छापील बातमीवरून तारीख-निकाल पडताळता येणारा सामना घ्या, बाकी सोडा. जिथे तपशील अपुरा असेल तिथे खूण करून तसं लिहा. अमेरिकेत बेसबॉलवाल्यांनी हे करून दाखवलंय. काळ्या खेळाडूंना मुख्य लीगमध्ये बंदी होती तेव्हा त्यांनी वेगळ्या लीग चालवल्या. २०२० मध्ये त्या मुख्य लीगच्या दर्जाच्या ठरवल्या गेल्या आणि २०२४ मध्ये त्यांची आकडेवारीही एकत्र केली. जुने कागद सगळे सापडले नव्हते, तरी जेवढे पडताळले तेवढे घेतले. परिणाम असा की सर्वोत्तम फलंदाजी सरासरीत मुख्य लीगच्या टाय कॉबच्या वर आता काळ्यांच्या लीगमधल्या जॉश गिब्सनचं नाव आहे. जग बुडालं नाही.

मग स्पेनला एवढं जड का जावं? मला वाटतं, कारण पैशाचं किंवा कागदाचं नाही, सवयीचं आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय संघातल्या पंधरा खेळाडूंनी महासंघाला ईमेल करून सध्याच्या परिस्थितीत आम्हाला निवडू नका असं कळवलं. महासंघाचं उत्तर होतं की चूक कबूल करा, माफी मागा, मग बघू. पुढच्याच वर्षी, २० ऑगस्ट २०२३ ला, सिडनीत स्पेनच्या बायका विश्वविजेत्या झाल्या आणि पदकाच्या मंचावर अध्यक्ष लुइस रुबियालेस यांनी जेन्नी एर्मोसोचं चुंबन घेतलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयाने त्यांना लैंगिक अत्याचाराबद्दल दोषी ठरवून १०,८०० युरो दंड केला. पेरेझ-पायांपासून रुबियालेसांपर्यंत अर्धं शतक गेलं, हुकूमशाही जाऊन लोकशाही आली, पण या बायका खेळतात त्या आमच्या मेहेरबानीवर, हा सूर टिकून राहिला. १९७१ चे सामने नोंदीत घेणं म्हणजे मेहेरबानीच्या आधीही खेळ होता, हे स्वतःच्या हाताने लिहून देणं. तेच नकोसं वाटत असणार.

आणि घाईचं कारणही आहे. कोंची त्या संघातली सगळ्यांत लहान वयाच्या मुलींपैकी. तीही आता सत्तरीकडे झुकली. तिच्याहून मोठ्या ज्या होत्या त्यांची वयं काय असतील ते सांगायला नको. इंग्लंडच्या महासंघाने १९७२ च्या आपल्या पहिल्या अधिकृत महिला संघाला मानाच्या टोप्या दिल्या त्या ऑक्टोबर २०२२ मध्ये, वेम्बलीवर, पन्नास वर्षांनी. त्याच इंग्लंडमधून १९७१ ला मेक्सिकोत जाऊन आलेल्या मुली मात्र अजून ‘अनधिकृत’च्या खणात आहेत, म्हणजे हा खण एकट्या स्पेनचा नाही.

५ फेब्रुवारी १९८३ ला गॅलिसियातल्या आ ग्वार्दा गावी स्पेनच्या महिला संघाने छातीवर बिल्ला लावून पहिल्यांदा मैदानात पाय ठेवला. पंच बहुधा गणवेशात असावा. कोंची तेव्हा पंचवीस वर्षांची होती. ज्या वयात खेळाडू ऐन भरात असतो, त्या वयात. ती इटलीत खेळत होती. स्पेन तो सामना ०-१ ने हरलं. समोर पोर्तुगाल होतं, मुर्सियासारखंच. पण महासंघाच्या नोंदीप्रमाणे या दोन देशांच्या बायका त्या दिवशी पहिल्यांदाच भेटत होत्या.